पाइनचे शिलिंग आणि पानाची नोट: आमच्या प्रतिकृतींविषयी

पाकिटातली दोन नाणी आणि दोन नोटा प्रतिकृती आहेत, अस्सल एकही नाही. नातवंडांच्या शाळेत अमेरिकन वसाहतींचा इतिहास शिकवतात, तेव्हा घरच्या मोठ्यांनाही त्यात सामील होता यावे म्हणून हे पत्रक मराठीत काढले आहे.

पाइनच्या झाडाचे शिलिंग बॉस्टनच्या टाकसाळीतले. जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन यांनी ती १६५२ मध्ये सुरू केली. पाइनचा छाप बऱ्याच वर्षांनी आला, तरी नाण्यावर साल १६५२ च राहिले. त्यामुळे आमच्याकडून साल चुकलेले नाही. मूळ नाणे चांदीचे, आमचे कथिलाच्या मिश्रधातूचे. टाकून पाहिलेत तर खणखणीत वाजणार नाही. दुसरे नाणे व्हर्जिनियाचे, १७७३ ची अर्धी पेनी.

नोटांपैकी पेनसिल्व्हेनियाची नोट आमच्या विशेष जिव्हाळ्याची. बेंजामिन फ्रँकलिनच्या छापखान्यात खऱ्या पानाचा प्लास्टरमध्ये ठसा घेऊन त्यावरून छपाईच्या खिळ्यांच्या (टाइपच्या) धातूचा साचा ओतत. पानाच्या शिरा कुठे जाड, कुठे केसासारख्या बारीक. त्या हुबेहूब कोरणे बनावट नोटा करणाऱ्यांना फार जड जाई. शिवाय नोटेवर छापलेले असे: ‘बनावट करणाऱ्यास मृत्युदंड’. भिंग घेऊन त्या शिरा जरूर पाहा. दुसरी नोट १७७६ ची, एक षष्ठांश डॉलरची. तिच्या मागे तेरा वसाहतींच्या तेरा कड्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न: ‘जुन्या पेटीत अशी नोट सापडली, खरी असेल का?’ बहुधा नसते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने अशा प्रतिकृतींवर ‘कॉपी’ हा शब्द बंधनकारक झाला. त्याआधीच्या कितीतरी प्रतिकृतींवर तो नाही. तपकिरी, कुरकुरीत कागद पाहून फसू नका. अस्सल नोटेवरच्या सह्या हाताने, शाईने केलेल्या असत. प्रतिकृतीत त्या मजकुरासोबतच छापलेल्या असतात. फ्रँकलिनच्या कागदात अभ्रकाचे कणही असत. आमच्या कागदात ते नाहीत.

आमच्या नाण्यांवर ‘कॉपी’ खोल ठोकलेले आहे. ते घासू नका, आणि पाकीट पुढे कुणाला दिलेत तर हे पत्रकही सोबत द्या. लहान मुले नाणी तोंडात घालतात, तेवढे सांभाळा.

शाळेसाठी जास्त पाकिटे हवी असल्यास दोन आठवडे आधी कळवा. नोटा आम्ही हातानेच कापतो.