झुंजुमुंजूचा निळा उजेड

‘झुंजुमुंजू झालं, उठा आता’ असं म्हणणारी माणसं आता कमी झाली. काळोख विरू लागलाय, समोरून कुणीतरी येतंय हे कळतं पण कोण ते ओळखू येत नाही, तांबडं फुटायला अवकाश आहे, अशी ही वेळ.

खगोलशास्त्र तिला अंशांत मोजतं. सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर आला की संधिप्रकाश सुरू झाला असं मानतात. 12 अंशांवर दर्यावर्दींना क्षितिजाची रेघ दिसू लागते आणि 6 अंशांवर दिव्याशिवाय बाहेरची कामं करता येतात. माझ्या मते झुंजुमुंजू या शेवटच्या दोहोंच्या मधलं. मुंबई-पुण्याकडे सूर्य बराच उभा चढतो, त्यामुळे पहिल्या उजेडापासून सूर्योदयापर्यंतचा सगळा खेळ साधारण सव्वा तासात आटोपतो. लंडनला मात्र जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीही 18 अंश खाली जात नाही, म्हणजे तिथे तेव्हा पुरती रात्र होतच नाही.

सूर्य आपल्याला दिसत नसला तरी डोक्यावरच्या उंच हवेपर्यंत त्याचे किरण पोचलेले असतात. ती हवा ते विखुरते आणि तोच उजेड खाली झिरपतो. दुपारचं आकाश निळं दिसतं ते हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून. मला पूर्वी वाटायचं, पहाटेचा गडद निळाही त्यातलाच. पण तिरप्या किरणांना हवेतून फार लांब वाट कापावी लागते, आणि त्या वाटेवर बराचसा निळा आधीच गळून गेलेला असतो. नुसत्या विखुरण्यावर भिस्त असती तर माथ्यावरचं आकाश करडं-पिवळट दिसायला हवं होतं. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या हल्बर्ट यांनी 1953 मध्ये गणित मांडून दाखवलं, की हा निळा रंग ओझोनमुळे आहे. वीस-तीस किलोमीटर उंचीवरचा ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो. दुपारी किरण त्या थरातून सरळ खाली येतात, म्हणून हा परिणाम जाणवत नाही. पहाटे ते त्यातून आडवे जातात आणि मागे उरतो तो निळा. अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारा तोच हा थर!

या वेळी आपले डोळेही बदललेले असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. म्हणून अंगणातली लाल जास्वंद तेव्हा काळी भासते आणि तिची पानं फुलापेक्षा उजळ. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं. या परिणामाला आजही त्यांचंच नाव आहे.

सूर्योदय बघायला जाल तेव्हा आधी थोडा वेळ पूर्वेकडे पाठ करा. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला क्षितिजालगत करडा-निळा पट्टा दिसेल, त्याच्यावर फिकट गुलाबी. खालचा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. सूर्य जसजसा वर येतो तसतशी ती खाली उतरत जाते. पावसाळी ढगांत हे जमणार नाही. थंडीतली निरभ्र सकाळ आणि पश्चिमेकडे मोकळी असलेली टेकडी किंवा गच्ची गाठावी.