कै. म्हणजे पत्ता

परवा परत तो फॉरवर्ड आला. ऊर्जा नष्ट होत नाही, आत्मा म्हणजे ऊर्जा, सबब आत्मा अमर, सायन्सने सिद्ध! अहो, शरीरातली ऊर्जा खरंच नाहीशी होत नाही, उष्णता होऊन आजूबाजूच्या हवेत जाते, म्हणून तर हात गार पडतो. पण ती उष्णता आजोबांच्या आठवणी बरोबर घेऊन जात नाही. असो, फिजिक्सला उगाच वेठीला धरू नका, खरी गंमत मेंदूत आहे.

आजोबा गेल्यावर आजी कितीतरी दिवस दोन कप चहाचं आधण ठेवायची आणि मग स्वतःवरच चिडायची. बरं विसरभोळी अजिबात नाही, दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा "तुमच्या गुलाबांना मी पाणी घालीन हो" हे तीच बोलली होती.

2013 साली नॉर्वेत मेंदूशास्त्रज्ञ मोझर दांपत्याच्या लॅबमधून (2014च्या नोबेलमध्ये निम्मा वाटा यांचा) एक भारी पेपर आला. उंदराला पेटीत सोडायचं, पेटीत एक वस्तू ठेवायची. मेंदूत आठवणी आणि जागा सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, त्याच्या शेजारी एन्टोरायनल कॉर्टेक्स, त्यातल्या काही पेशी उंदीर वस्तूजवळ गेला की पेटतात, म्हणजे सिग्नल पाठवायला लागतात, इथपर्यंत ठीक. आता वस्तू काढून घ्या. तर वेगळ्याच काही पेशी, ज्या वस्तू असताना गप्प होत्या, त्या बरोब्बर त्या रिकाम्या जागी पेटायला लागतात, म्हणजे 'इथे काहीतरी होतं' यासाठी मेंदूत वेगळा स्टाफ आहे! आणि हे काही दिवस चालू राहतं.

उंदरावरून एकदम माणसाच्या दुःखावर उडी मारणं धाडसाचं आहे, पण जवळचं माणूस गेल्यावर मेंदूत काय होतं याचा अभ्यास करणारी मेरी-फ्रान्सिस ओ'कॉनर ती मारते आणि मला पटतं. पन्नास वर्षं आजीचा मेंदू एकच हिशोब करत होता, हे बँकेत, हे बाजारात, अकराला येतील. 'दिसत नाहीत' याचा अर्थ दर वेळी 'दुसरीकडे आहेत' असाच निघाला, मग या वेळी 'कुठेच नाहीत' हे त्या नकाशात बसवायचं कुठे?

वेल्समधल्या ड्युई रीस या डॉक्टरने 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 मध्ये लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा काही ना काही अनुभव आला होता, बऱ्याच जणांना तो जवळ असल्याचं जाणवलं, काहींना दिसलासुद्धा. संसार जितका लांब तितकं हे जास्त. बहुतेकांना त्याने बरंच वाटलं होतं, तरी कुणाजवळ बोलले नव्हते. म्हणजे हे वेड नाही, आणि 'आत्मा अडकलाय' म्हणत पाच हजार मागणाऱ्या बाबाकडे जायचंही कारण नाही.

आता आपले शब्द बघा. देवाघरी 'गेले'. कैलास'वासी', वैकुंठ'वासी'. सगळे पत्तेच की! मेंदू 'कुठे?' विचारतो, धर्म जागा सांगतो, शोधाशोध थांबते. स्वर्ग आहे की नाही याच्याशी या आरामाचा काही संबंध नाही असं माझं मत, तो आराम मात्र खरा.

आजीला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं होतं. ती म्हणाली, "उंदीर? आणि मारला नाही कुणी?"