रहस्यमालिका प्रेक्षकाला उत्तर देणं लागते का?

विमान कोसळून एका गूढ बेटावर अडकलेल्या माणसांच्या ‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेचा शेवटचा भाग २३ मे २०१० ला दाखवला गेला. तेव्हापासून रहस्यमालिकांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, सहा पर्वं ताटकळत ठेवलंत, आता हिशेब द्या. दुसरा म्हणतो, गोष्ट माणसांची होती, कोड्याची नव्हती. दोघेही भांडतात ते लेखकाशी. पण मागची साठेक वर्षं नीट पाहिली, तर उत्तर बहुतेक वेळा वाहिनीच्या जमाखर्चात अडकलेलं दिसतं. गोष्ट कधी संपणार याची तारीखच लेखकाच्या हातात नसते.

छापील रहस्यकथेत हा प्रश्न फारसा आला नाही. १९२८ मध्ये अमेरिकी लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी रहस्यकथेचे वीस नियम मांडले, पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी दहा. दोन्हींचा गाभा एकच: गुप्तहेराला जे दिसतं ते वाचकालाही दिसलं पाहिजे, आणि उलगडा आधी दिलेल्या धाग्यादोऱ्यांतूनच झाला पाहिजे. एलरी क्वीन या नावानं लिहिणारे दोघे चुलतभाऊ तर उलगड्याआधी वाचकाला थेट आव्हान द्यायचे, की पुरावे सगळे तुमच्यासमोर आहेत, आता गुन्हेगार ओळखा. पुस्तक दुकानात येण्याआधी शेवट लिहून झालेला असे, म्हणून हे जमायचं. हप्त्यांनी छापल्या जाणाऱ्या कादंबरीची तशी हमी नव्हती. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सनं १८७० मध्ये बारा हप्त्यांचं रहस्य सुरू केलं आणि सहा हप्ते लिहून ९ जूनला तो गेला. त्या कादंबरीतल्या एडविन ड्रूडचं काय झालं, यावर लोक अजून तर्क लढवतात.

टीव्हीनं सुरुवातीला सोपी वाट धरली: दर आठवड्याला नवा गुन्हा, त्याच भागात उलगडा. १९७५ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर एलरी क्वीनची मालिका आली, तेव्हा नायक उलगड्याआधी कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांना विचारायचा, ओळखलंत का? आपल्याकडे दूरदर्शनवरचे ‘करमचंद’ (१९८५) आणि ‘ब्योमकेश बक्शी’ (१९९३) याच जातीचे. उत्तराची उधारी साठतच नाही, त्यामुळे थकण्याचा प्रश्न नाही.

उधारी पहिल्यांदा ठळकपणे साठली ती ‘द फ्युजिटिव्ह’मध्ये. १९६३ ते १९६७, एबीसी वाहिनी, १२० भाग. बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉ. रिचर्ड किंबल गावोगाव पळतो आणि खऱ्या खुन्याला, एक हात नसलेल्या माणसाला, शोधतो. तोवरचा रिवाज असा की मालिका संपायची नाही, नुसती बंद पडायची. त्यामागे हिशेब होता. खरा नफा मूळ प्रसारणापेक्षा पुनःप्रक्षेपणाच्या विक्रीत असे. स्थानिक केंद्रं भाग कुठल्याही क्रमानं लावत, आणि शेवट माहीत झालेली मालिका कोण विकत घेणार, ही धास्ती. तरीही दोन भागांचा शेवट लिहिला गेला. २९ ऑगस्ट १९६७ च्या रात्री अमेरिकेत चालू असलेल्या टीव्ही संचांपैकी ७२ टक्के या एका मालिकेवर होते. उत्तराला गिऱ्हाईक असतं हे वाहिन्यांना त्या रात्री आकड्यांत दिसलं.

सहा महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, ब्रिटनमध्ये ‘द प्रिझनर’ संपली, एका गूढ गावात कोंडलेल्या माजी गुप्तहेराची मालिका. सतरा भाग एकच प्रश्न: त्या गावाचा न दिसणारा प्रमुख, ‘नंबर वन’, कोण? शेवटी नायक त्याचा मुखवटा ओढतो, खाली माकडाचा मुखवटा, त्याखाली नायकाचाच चेहरा. प्रेक्षक भडकले आणि नायक व कर्ताकरविता पॅट्रिक मॅकगूअन यांना काही काळ लोकांपासून दूर राहावं लागलं. माझ्या मते हे उत्तर टाळणं नव्हतं. उत्तर दिलं होतं, पण गुप्तहेरकथेच्या प्रश्नाला रूपककथेचं. ही तक्रार पुढे वारंवार ऐकू येते.

मग ‘डॅलस’, एका श्रीमंत घराण्याची अमेरिकी मालिका. मार्च १९८० मध्ये जे. आर. युइंगवर गोळी झाडली गेली आणि पर्व संपलं. कलाकारांच्या संपामुळे पुढचं पर्व लांबलं आणि उत्तर २१ नोव्हेंबरला मिळालं. दरम्यान गुपित फुटू नये म्हणून गोळी झाडण्याचं दृश्य वेगवेगळ्या पात्रांवर चित्रित करून ठेवलं होतं. टीव्ही असलेल्या घरांपैकी ५३.३ टक्के घरांत तो भाग पाहिला गेला. यातून वाहिन्यांनी धडा घेतला तो असा की प्रश्न हाच विकायचा माल आहे, उत्तर सावकाश दिलं तरी चालतं. तो धडा अर्धवट होता. ‘डॅलस’चा डोलारा त्या प्रश्नावर उभा नव्हता. उत्तर देऊन टाकलं तरी घराण्यातली भांडणं शिल्लक होती.

‘ट्विन पीक्स’कडे तसं काही शिल्लक नव्हतं. ८ एप्रिल १९९० ला एबीसीवर पहिला भाग साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला आणि गावातल्या लॉरा पामर या मुलीला कोणी मारलं हा प्रश्न देशभर झाला. मालिकेचे एक कर्ते, दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांना उत्तर द्यायचंच नव्हतं. खून हळूहळू मागे सरकावा, गावातली माणसं पुढे यावीत, अशी त्यांची कल्पना. सहनिर्माते मार्क फ्रॉस्ट उत्तराच्या बाजूनं अधिक झुकलेले. पहिलं पर्व मे महिन्यात उत्तराविना संपलं, वर नायकावरच गोळीबार, आणि टीकाकारांचा धीर सुटला. वाहिनीनं दडपण आणलं. १० नोव्हेंबर १९९० ला खुनी दाखवला गेला. इथेही तीन वेगवेगळ्या नटांवर खुनाचं दृश्य चित्रित करून युनिटलाही अंधारात ठेवलं होतं.

पुढे काय बिघडलं ते पाहण्यासारखं आहे. दुसरं पर्व बावीस भागांचं, उत्तर सातव्यात. दोन-तीन भागांत खुन्याचा निकाल लागला आणि बाराएक भाग उरले, त्यांना ओढून नेईल असा दुसरा प्रश्न तयार नव्हता. त्यात मालिका शनिवारी रात्री दहाला टाकलेली, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घरी नसे. उत्तर दिल्यानं मालिका मेली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. खांब काढायचा तर आधी दुसरा उभा करावा लागतो, आणि तो केला नव्हता. याच मालिकेत नुसत्या योगायोगालाही रहस्याची जागा मिळाली. बॉब हे दुष्ट पात्र जन्मलं ते फ्रँक सिल्वा या सेटवरच्या सजावटकारावरून, जो चुकून आरशात दिसला आणि लिंच यांनी तो शॉट ठेवला. असं सुचणं मोलाचंच. फक्त पुढे त्याचा अर्थ लावणारा प्रेक्षक तो शॉट पुरावा म्हणून जपून ठेवतो.

‘द एक्स-फाइल्स’नं (१९९३) मधला मार्ग काढला: बरेचसे भाग स्वतंत्र, मधूनमधून परग्रहवासी आणि सरकारी कटाची सलग कथा. पण त्या सलग कथेतला एक मोठा फाटा निघाला तो स्कली या नायिकेचं काम करणाऱ्या जिलियन अँडरसन यांच्या बाळंतपणातून. त्यांना दुसऱ्या पर्वात सुट्टी हवी, म्हणून स्कलीचं अपहरण. मग अपहरण का, कोणी, तिच्या शरीरात काय बसवलं, हे वर्षानुवर्षं चालू राहिलं. रजेच्या अर्जाला कथा जोडली की ती सहसा अशीच वाढते.

याउलट ‘बॅबिलॉन ५’ या अवकाशमालिकेचे कर्ते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांचा आराखडा आधीच केला होता. शिवाय मुख्य पात्रांसाठी चोरवाटा आखून ठेवल्या, म्हणजे नट सोडून गेला तरी गोष्ट अडू नये. पहिल्या पर्वानंतर खुद्द नायक बदलावा लागला, तरी आराखडा टिकला. तो मोडला वाहिनीच्या अनिश्चिततेनं. चौथं पर्व शेवटचं ठरणार या भीतीनं मुख्य युद्धं त्यातच उरकली, शेवटचा भागही चित्रित केला, आणि मग दुसऱ्या वाहिनीनं पाचवं पर्व दिलं. तयार शेवट वर्षभर राखून ठेवला आणि पाचवं पर्व विरळ झालं.

आता ‘लॉस्ट’. २००४ ला सुरुवात, वर्षाला तेवीस-पंचवीस भाग, आणि किती वर्षं चालायची ते कोणालाच माहीत नाही. अशा वेळी रायटर्स रूममध्ये, म्हणजे लेखकांच्या बैठकीत, काय होतं? मोठं उत्तर आज खर्च केलं तर पुढच्या वर्षी काय दाखवायचं, म्हणून एका प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नानं उत्तर दिलं जातं. उरलेली जागा पूर्वायुष्यातल्या प्रसंगांनी भरायची, तर तेही संपत येतात. तिसऱ्या पर्वात नायक जॅकच्या हातावरचा टॅटू कुठून आला, यावर आख्खा भाग खर्ची पडला. पुढे मालिकेचे प्रमुख लेखक डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी वाहिनीपुढे हाच दाखला ठेवला: शेवटाची तारीख दिली नाहीत तर असेच भाग मिळतील. मे २००७ मध्ये एबीसीनं जाहीर केलं, आणखी ४८ भाग, तीन पर्वं, २०१० ला शेवट. चालती मालिका तीन वर्षं आधी तारीख ठरवून बंद करायची, हे तिथे अपूर्व होतं. लेखकांच्या संपामुळे वाटणी थोडी बदलली, पण तारीख टिकली. चौथ्या पर्वापासून गोष्टीला धार आली ती यामुळेच.

तरी जुनी उधारी होतीच. वॉल्ट या मुलाच्या अंगी काहीतरी विलक्षण आहे, असं पहिल्या पर्वात ठसवलं. पण बेटावरचे दोन महिने दाखवायला टीव्हीला दोन वर्षं लागली, मुलगा वाढत्या वयाचा, आणि त्याला कथेतून काढावं लागलं. मालिकेत वारंवार येणाऱ्या ४, ८, १५, १६, २३, ४२ या आकड्यांची बेरीज १०८, बेटावरच्या बंकरमधलं बटण दर १०८ मिनिटांनी दाबायचं. त्या आकड्यांमागचं समीकरण सांगितलं गेलं ते २००६ च्या एका ऑनलाइन खेळात. मालिकेत ते कधी आलंच नाही. बेटावरची ध्रुवीय अस्वलं आणि आकाशातून पडणारं अन्न यांचा खुलासा डीव्हीडीसोबतच्या बारा मिनिटांच्या पुरवणीत. म्हणजे उत्तरं होती, पण ज्यांनी टीव्हीवर सहा वर्षं दिली त्यांच्याकडून वेगळे पैसे घेऊन. माझ्या लेखी ‘लॉस्ट’विरुद्धची सर्वांत रास्त तक्रार ही आहे. शेवटच्या भागानंतर नावांच्या पट्टीमागे वाहिनीनं विमानाच्या अवशेषांची दृश्यं लावली आणि ‘सगळे पहिल्याच दिवशी मेले होते’ असा गैरसमज पसरला, तो अजून निघत नाही. मालिकेतलं पात्र उलट तोंडानं सांगतं, की जे घडलं ते सगळं खरं होतं.

‘द किलिंग’चं प्रकरण याहून सरळ आहे. एएमसी या अमेरिकी वाहिनीनं २०११ मध्ये जाहिरातच केली: रोझी लार्सनला कोणी मारलं? तेरा भाग, प्रत्येक भाग तपासाचा एक दिवस. तेराव्यात अटक होते, आणि लगेच कळतं की टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्याचा पुरावा बनावट. पर्व समाप्त. पहिल्याच पर्वात उत्तर देऊ असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं, ही निर्मात्यांची बाजू. अक्षरशः खरी, पण पोस्टरवर प्रश्न लिहिला होता. मूळ डॅनिश मालिकाही घाईत नव्हती: एक खून, वीस भाग, २००७ मध्ये दहा-दहाच्या दोन तुकड्यांत. पण ते एकाच पर्वाचे दोन तुकडे होते, एकाच वर्षात पुरे झालेले. अमेरिकी प्रेक्षकाला वर्षभर थांबावं लागलं. जून २०१२ मध्ये खुनी कळला तोवर बरेच जण निघून गेले होते, आणि पुढच्याच महिन्यात वाहिनीनं मालिका बंद केली. नंतर ती पुन्हा सुरू झाली, तो भाग निराळा.

हे सगळं पाहून मला वाटतं, प्रत्येक विचित्र गोष्टीचं उत्तर देणं मालिका लागत नाही. ती लागते फक्त त्या प्रश्नाचं, जो दाखवून तिनं प्रेक्षक बोलावला. लिंडेलॉफ यांच्याच पुढच्या ‘द लेफ्टओव्हर्स’मध्ये जगातली दोन टक्के माणसं एका क्षणी नाहीशी होतात. का, ते सांगणार नाही असं सुरुवातीपासून स्पष्ट ठेवलं. तीन पर्वं, २८ भाग, आणि ‘लॉस्ट’सारखा गहजब झाला नाही.

आपल्याकडच्या रोजच्या मालिकेत गणित आणखी अवघड. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये झी मराठीवर आली, अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात उलगडा करून संपली. तिचा दुसरा भाग २०१९ मध्ये आला तो आधीच्या काळातला, जिथे अण्णांचा शेवट सगळ्यांना ठाऊक होता. तरी लोकांनी अण्णा आणि शेवंता डोक्यावर घेतले. कोड्यानं आलेला प्रेक्षक पात्रांसाठी थांबला. लिंच यांना हवं होतं ते काहीसं हेच.

स्ट्रीमिंगमुळे आठ-दहा भागांची पर्वं आली आणि लेखकाला आराखडा करणं सोपं झालं. जर्मन ‘डार्क’नं तीन पर्वांत, २६ भागांत, जून २०२० मध्ये आपला गुंता सोडवला. त्याच जोडीनं, बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीजे यांनी, ‘१८९९’ तशीच तीन पर्वांची आखली. पहिलं पर्व नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, २ जानेवारी २०२३ ला नेटफ्लिक्सनं पुढचं रद्द केल्याचं त्यांनीच कळवलं. पाच पर्वांची आखलेली ‘द ओए’ २०१९ मध्ये दुसऱ्यातच तोडली होती. ‘लॉस्ट’च्या लेखकांना तारीख मिळत नव्हती. इथे लेखकांनी स्वतःची तारीख घालून आणली होती, आणि तिला वाहिनीची सही नव्हती.