लाजराच्या दोन कबरी

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचून झाला की कुणीतरी हमखास विचारतं : लाजर चौथ्या दिवशी उठला, येशू तिसऱ्या दिवशी, मग ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण, एकाचाच का? प्रश्न रास्त आहे. मराठीत दोघांनाही आपण ‘मेलेल्यांतून उठला’ असंच म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

लाजर बेथानीचा. यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवरचं हे गाव. आजचं त्याचं अरबी नाव अल-ऐझारिया लाजरावरूनच पडलं आहे. येशू पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. धोंड काढा म्हणताच त्याची बहीण मार्था म्हणाली, आता दुर्गंधी येत असेल. येशूनं हाक मारली आणि लाजर बाहेर आला. पण कसा? हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. त्याला सोडवायला दुसऱ्यांचे हात लागले. पुढच्याच अध्यायात तो नेहमीसारखा पंगतीला बसलेला दिसतो आणि मुख्य याजक त्यालाही ठार मारायचा बेत करतात. म्हणजे तो पुन्हा मरू शकत होता.

सायप्रसमधली परंपरा सांगते की पुढे तो कितियोनचा, म्हणजे आजच्या लार्नाकाचा, बिशप झाला आणि तिथेच वारला. तिथल्या त्याच्या नावाच्या चर्चखाली त्याची कबर दाखवतात. एक कबर बेथानीला, दुसरी लार्नाकाला! इतिहास म्हणून ही परंपरा किती टिकते ते बाजूला ठेवू. पण लाजराचं उठणं नेमकं कसलं होतं, हे तिला बरोबर उमगलं आहे. येशूनं उठवलेली याईराची मुलगी आणि नाईनच्या विधवेचा मुलगा यांचंही तेच. शुक्राचार्यांच्या संजीवनी विद्येनं कच परत आला तोही जसा होता तसाच आला, इतकं म्हटलं की मराठी वाचकाला उठण्याचा हा प्रकार ओळखता येईल.

आता विसावा अध्याय. शिष्य पेत्र येशूच्या कबरेत शिरतो तर तागाची वस्त्रं तिथेच पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. इथे कुणी कुणाला सोडवलेलं नाही. योहानानं हे दोन रुमाल मुद्दाम समोरासमोर ठेवलेत, असं मला मनापासून वाटतं. येशूची शिष्या मरीया मग्दालीया हिला उठलेला येशू माळी वाटतो. ‘मरीये’ अशी हाक ऐकल्यावरच ती ओळखते. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालत राहतात, पण ओळख पटते ती तो भाकर मोडतो तेव्हा. दारं बंद असताना तो आत येऊन उभा राहतो, तरी हातांवरचे व्रण दाखवतो आणि भाजलेला मासा खातो. भूत म्हणावं तर मासा आडवा येतो, जुनंच शरीर म्हणावं तर बंद दार. पुनर्जन्म म्हणावं तर व्रण तेच आहेत, देह तोच आहे.

प्रेषित पौलानं साधारण इ. स. 55 च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना बी आणि रोपाचा दाखला दिला : पेरलं जातं ते एक, उगवतं ते त्याच्यातूनच, पण वेगळं. ख्रिस्ताला तो ‘प्रथमफळ’, म्हणजे हंगामाचं पहिलं फळ, म्हणतो. शेवटच्या दिवशी मृत उठतील असं तेव्हाचे कितीतरी यहुदी मानत; मार्थाही येशूला तेच म्हणाली होती. त्या शेवटच्या दिवसाचं पीक एका माणसात आधीच हाती आलं, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा. रोमकरांना लिहिताना पौल आणखी स्पष्ट करतो : उठलेला ख्रिस्त आता पुन्हा मरणार नाही.

ऑर्थोडॉक्स मंडळी लाजराचाही दिवस पाळतात, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी. ईस्टर त्यानंतर आठ दिवसांनी. आणि यरुशलेममध्ये येशूच्या कबरेवर 335 साली ज्याचं समर्पण झालं, त्या चर्चला पाश्चात्त्य ख्रिस्ती ‘पवित्र कबर’ म्हणतात. ग्रीक ख्रिस्ती मात्र त्याला ‘अनास्तासिस’ म्हणतात, म्हणजे पुनरुत्थान.