सर्वात मोठी बोली, सर्वात मोठी चूक

आमच्या सोसायटीतल्या एकांनी नव्या गाडीसाठी आरटीओकडून चॉइस नंबर घेतला. अंकांची बेरीज नऊ. त्या पैशांत चारही टायर बदलून झाले असते, आणि अपघात टाळायला अंकांपेक्षा टायर जास्त कामाला येतात. तरी लिलावशास्त्राच्या हिशेबाने हे गृहस्थ फसलेले नाहीत. त्या नंबरची किंमत त्यांच्या मनातली होती. इतरांना तो फुकट नको असला तरी त्यांचं काही बिघडत नाही.

तेलाचं तसं नाही. समुद्राखालच्या एखाद्या पट्ट्यात जेवढं तेल आहे तेवढंच आहे, कोणीही उपसलं तरी. समजा त्याची खरी किंमत १०० कोटी आहे, पण ती कुणालाच ठाऊक नाही. पाच कंपन्यांचे भूगर्भतज्ज्ञ अंदाज देतात: ७०, ८५, १००, ११५ आणि १३०. सरासरी बरोबर १००, म्हणजे तज्ज्ञ काही वाईट नाहीत. पण बंद पाकिटाच्या लिलावात सरासरी जिंकत नाही, १३० वाला जिंकतो. सगळ्यांनी शहाणपणाने २० टक्के कमी बोली लावली तरी त्याचं पाकीट १०४ चं. लिलाव जिंकला, चार कोटी गेले! याला विजेत्याचा शाप म्हणतात. मेक्सिकोच्या आखातातल्या पट्ट्यांवर कंपन्यांना एवढा कमी परतावा का मिळतो, याचं हे उत्तर अटलांटिक रिचफील्ड या अमेरिकी तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली छापलं.

म्हणून बोली लावताना ‘माझा अंदाज काय?’ एवढं विचारून भागत नाही. ‘सगळ्यांत माझाच अंदाज मोठा निघाला, तर त्यावरून काय कळतं?’ असं विचारायचं. आणि गंमत पुढेच आहे. स्पर्धक पाचाचे पन्नास झाले, तर सर्वात मोठा अंदाज आणखी भरकटलेला असणार. म्हणजे या कारणापुरतं तरी, गर्दी वाढली की बोली खाली आणायची. आपलं मन नेमकं उलट सांगतं.

हे गणित नीट मांडण्यात अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पॉल मिलग्रम यांचा मोठा वाटा आहे. जन्म डेट्रॉइटचा, १९४८ चा. गणिताची पदवी घेऊन ते विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करत होते. (विमा घ्यायला सर्वात उतावीळ कोण, तर बहुधा आजारी माणूस. ही विजेत्याच्या शापाचीच बहीण, असं मला वाटतं.) १९७५ साली ते स्टॅनफर्डला आले आणि रॉबर्ट विल्सन यांच्या हाताखाली लिलावांवर प्रबंध लिहिला. १९८२ साली रॉबर्ट वेबर यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की बोलीदारांचे अंदाज परस्परांशी निगडित असतील, म्हणजे एकाचा अंदाज मोठा असताना इतरांचेही मोठे असण्याची शक्यता वाढत असेल, तर चढत्या बोलीच्या उघड लिलावात विकणाऱ्याला सरासरीने बंद पाकिटाहून कमी मिळत नाही, बहुधा जास्तच मिळतं. वाक्य जड झालं खरं. लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीभोवती उभं राहिलं की ते उलगडतं: कोण कुठे थांबला ते दिसतं, शापाची भीती ओसरते, हात मोकळा होतो. अर्थात व्यापाऱ्यांनी आधीच संगनमत केलं असेल, तर हे गणित गप्प बसतं.

अमेरिकेत मोबाइलच्या लहरींचे परवाने पूर्वी सुनावण्या घेऊन, नंतर चक्क सोडत काढून वाटत. मिलग्रम, विल्सन आणि प्रेस्टन मॅकफी यांनी सुचवलेला लिलाव जुलै १९९४ मध्ये झाला. सगळ्या परवान्यांवर एकाच वेळी, फेरीमागून फेरी बोली. त्यातली खुबी एका नियमात होती: पुरेशी बोली लावत राहिला नाहीत तर पुढच्या फेऱ्यांतला हक्क कमी होणार. मुकाट बसून शेवटी उडी मारणं बंद. १० परवाने, ४७ फेऱ्या, ६१.७ कोटी डॉलर.

२०२० साली गुरुशिष्यांना नोबेल मिळालं. मिलग्रम फोन उचलेनात, म्हणून समोरच राहणारे त्र्याऐंशी वर्षांचे विल्सन मध्यरात्री त्यांची बेल वाजवायला गेले.

भारतात २०१० चा थ्रीजी लिलाव याच घराण्यातला: ३४ दिवस, १८३ फेऱ्या, सुमारे ६७,७०० कोटी रुपये. तेव्हापासून आपल्याकडे लिलाव किती चांगला झाला, ते तिजोरीतल्या आकड्यावरून ठरवायची खोड लागली. मिलग्रम यांना त्याहून महत्त्वाचं वाटतं ते, लहरी ज्याला वापरता येतील त्याच्या हाती पडणं. २०१६ साली ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी सरकारने मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटींच्या राखीव किमतीला, म्हणजे त्याखाली बोलीच नाही अशा किमतीला, काढल्या. एकही बोली आली नाही.