बरणीतला ध्रुवीय प्रकाश हिरवा का नसतो?

ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली की एक समज हमखास फिरतो: काचेच्या बरणीतली हवा काढा, चुंबक ठेवा, हाय व्होल्टेज द्या, ध्रुवांजवळच्या आकाशात दिसतो तसा हिरवा ध्रुवीय प्रकाश तयार! तसं होत नाही. चुंबकाभोवती सुंदर कडं उमटतं, पण गुलाबी-जांभळं. तो रंग नायट्रोजनचा.

आकाशातला हिरवा, म्हणजे ५५७.७ नॅनोमीटरचा प्रकाश ऑक्सिजनच्या सुट्या अणूचा. उत्तेजित झालेला हा अणू प्रकाश सोडायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. लाल प्रकाशाला तर जवळपास दोन मिनिटं. शंभर किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत हिरव्याला तेवढी सवड मिळते, लालला मात्र दोनशे किलोमीटरच्या वर. बरणीत अणू त्याआधीच दुसऱ्या रेणूवर किंवा काचेवर आदळतो आणि ऊर्जा न चमकताच जाते. नुसता ऑक्सिजन भरूनही भागत नाही. मॅक्लेनन आणि श्रम या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२५ साली वर्णपटातली ही हिरवी रेषा प्रयोगशाळेत मिळवली, ती ऑक्सिजनमध्ये हीलियम मिसळून.

तरी कडं जरूर दाखवा, ते खरंच बघण्यासारखं असतं. रोटरी पंपाने (हवा ओढून काढणाऱ्या पंपाने) बरणीतला दाब ०.१ ते ०.५ मिलीबारपर्यंत आणा आणि वीजपुरवठ्याला ५० किलोओहमचा रेझिस्टर जोडा, नाहीतर ठिणगी पडते. निओडिमियम चुंबक (छोटा पण जोरदार) ८० अंश सेल्सिअसच्या वर कमजोर होतो, म्हणून अर्धा मिनिट चालवून थांबा. पावसाळ्यात बरणीत ओल राहिली तर दाब लवकर उतरत नाही. आधी ती नीट वाळवा. बरणी जाड काचेची हवी आणि पुढे ॲक्रिलिकचा पडदा हवाच: साधी बरणी आत कोसळून फुटते.