कम्युनिस्ट राजवटीत सरकार कोण चालवते? : पार्श्वभूमी

ऑगस्ट १९३९ मध्ये क्रेमलिनमध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. व्याचेस्लाव मोलोतोव टेबलाशी बसून जर्मनीबरोबरच्या अनाक्रमण करारावर सही करतो आहे. मागे जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप उभा आहे, त्याच्या शेजारी फिक्या रंगाच्या लष्करी थाटाच्या डगल्यात हसरा स्टालिन, आणि भिंतीवर लेनिनची तसबीर. कागदोपत्री त्या खोलीतला सोव्हिएत सरकारचा प्रमुख मोलोतोव होता. स्टालिनने सरकारचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले ते मे १९४१ मध्ये. त्याआधी जवळजवळ दोन दशके तो पक्षाचा सरचिटणीस या नात्याने देश चालवत होता.

संविधान हाती घेऊन ही व्यवस्था समजून घ्यायला गेले की माणूस हमखास गोंधळतो. संसद असते, मंत्रिमंडळ असते, न्यायालये असतात, हक्कांची कलमेसुद्धा असतात. १९३६ च्या सोव्हिएत संविधानात सर्वोच्च सोव्हिएत नावाची दोन सभागृहांची संसद होती, आणि कम्युनिस्ट पक्षाचा पहिला उल्लेख १२६ व्या कलमात, संघटना स्थापन करण्याच्या हक्काच्या ओघात येत होता. मात्र संसदेपासून कारखान्यापर्यंत कोणत्या खुर्चीवर कोण बसणार, हे ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या समित्यांकडे होता. मला वाटते, या राज्यपद्धतीचे मर्म नेमणुकीच्या या अधिकारात आहे. तो मूळ तत्त्वज्ञानात सापडत नाही. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या सहा-सात वर्षांत, दप्तरी कामाच्या रेट्यातून तो उभा राहिला.

तत्त्वज्ञानात होते ते वेगळेच. १८७१ च्या पॅरिस कम्यूनकडे, म्हणजे पॅरिसमधल्या अल्पकाळ टिकलेल्या क्रांतिकारी सत्तेकडे, पाहून मार्क्सने कायदे करणारे आणि ते राबवणारे असा भेद नसलेल्या राज्याची कल्पना मांडली. प्रतिनिधींना कामगाराइतकाच पगार मिळावा आणि मतदारांना वाटेल तेव्हा त्यांना परत बोलावता यावे, हेही त्यात आले. रशियातल्या कामगार, सैनिक आणि शेतकऱ्यांच्या सोव्हिएत, म्हणजे निवडून आलेल्या परिषदा, या कल्पनेच्या जवळच्या होत्या. दुसरा प्रवाह झारच्या गुप्त पोलिसांच्या धाकातून आला. १९०२ मध्ये लेनिनने पूर्णवेळ क्रांतिकारकांच्या बंदिस्त पक्षाचा आग्रह धरला, आणि १९०६ च्या स्टॉकहोम अधिवेशनात ‘लोकशाही केंद्रीकरण’ हे तत्त्व पक्षाच्या नियमांत आले. निर्णय होईपर्यंत वाद घाला, निर्णय झाल्यावर सगळ्यांनी एकाच वाटेने चाला. भूमिगत काम करणाऱ्यांना ही शिस्त आवश्यकच होती. पुढे तीच अख्ख्या देशाला लागू झाली, हे या इतिहासातले सर्वांत दुखरे वळण.

नोव्हेंबर १९१७ मध्ये सत्ता हाती आली तेव्हा लेनिन लोक-कमिसार परिषदेचा, म्हणजे मंत्रिमंडळाचा, अध्यक्ष झाला. पक्षाचा अध्यक्ष असे पद त्याच्याकडे कधीच नव्हते. काही महिने ‘डावे समाजवादी क्रांतिकारक’ हा दुसरा पक्षही सरकारात होता. मार्च १९१८ मध्ये जर्मनीबरोबरच्या तहावरून तो बाहेर पडला. त्याआधीच, जानेवारीत, निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीनंतर बंद पाडली गेली होती. मग यादवी युद्ध पेटले. दूरच्या प्रांतात विश्वासू माणूस पाठवायचा तर माहिती कुठून मिळायची? याकोव्ह स्वेर्दलोव्ह या एका माणसाकडून. कोणता कार्यकर्ता कुठे आहे, कोणत्या कामाचा आहे, हे त्याच्या डोक्यात पक्के असे. १६ मार्च १९१९ रोजी तो वारला आणि दोनच दिवसांनी पक्षाचे आठवे अधिवेशन सुरू झाले. एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चाललेले काम आता कार्यालयांकडे सोपवावे लागले. तातडीच्या धोरणांसाठी पाच सदस्यांचा पॉलिट ब्युरो, संघटनेसाठी ऑर्गब्युरो, आणि रोजच्या कामासाठी सचिवालय.

मार्च १९२१ मध्ये दहाव्या अधिवेशनाने पक्षातले गट बेकायदा ठरवले. क्रोनश्टाट्ट या नाविक तळावरच्या खलाशांनी तेव्हाच बंड केले होते, त्यामुळे भीतीचे वातावरण होते. बाहेरचे विरोधक आधीच संपले होते, आता आतलेही संपले. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला. चिटणीस म्हणजे मुळात चिठ्ठ्या, पत्रे आणि दप्तर सांभाळणारा. त्यावेळच्या नेत्यांनाही ते पद काहीसे तसेच वाटले होते. पण प्रांतिक सचिव कोण, अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून कोण येणार, हे याच दप्तरातून ठरू लागले. आजारी लेनिनने डिसेंबर १९२२ मध्ये लिहवून घेतले की स्टालिनच्या हाती अमर्याद अधिकार एकवटला आहे, आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याला त्या पदावरून हलवण्याची सूचना केली. ती अमलात आली नाही. १९२३ पासून महत्त्वाच्या पदांच्या अधिकृत याद्या तयार होऊ लागल्या. नोमेनक्लातुरा ते हेच, अर्थ सरळ : नावांची यादी.

ही यादी कशी चाले ते एका कारखान्याच्या संचालकावरून पाहा. नेमणुकीच्या आदेशावर मंत्रालयाची सही असे, पण त्याआधी त्याचे नाव त्या पातळीवरच्या पक्ष समितीने मंजूर केलेले असे. पक्षाच्या मध्यवर्ती समितीत, म्हणजे अधिवेशनाने निवडलेल्या वरिष्ठ समितीत, अवजड उद्योग, शेती, विज्ञान असे विभाग होते आणि प्रत्येक विभाग आपल्या क्षेत्रातल्या मंत्रालयांवर नजर ठेवी. पदाचे वजन टेबलावरच्या फोनवरून कळे. क्रेमलिनच्या खास यंत्रणेतल्या फोनला ‘व्हेर्तुश्का’ म्हणत, कारण त्याला तबकडी होती, मधल्या ऑपरेटरची गरज नव्हती. तो फोन पद गेले की जाई.

निवडणुकाही होत. मतपत्रिकेवर एकच नाव असे, तेही आधी ठरलेले. मतदाराने कागद घडी करून पेटीत टाकला की मत झाले. नाव खोडायचे असेल तर पडद्याआड जावे लागे. आणि पडद्याआड कोण गेले, हे साऱ्या खोलीला दिसे.

मग नेत्याला आवरणार कोण? नियमाप्रमाणे मध्यवर्ती समिती. १९३४ च्या अधिवेशनात निवडलेल्या सदस्य आणि पर्यायी सदस्य अशा एकूण १३९ जणांपैकी ९८ जणांना अटक करून गोळ्या घातल्या गेल्या, हे स्टालिननंतरचा पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह याने १९५६ मध्ये स्वतः सांगितले. त्यानंतर समितीला जरा बळ आले. जून १९५७ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, म्हणजे पूर्वीच्या पॉलिट ब्युरोत, बहुमत ख्रुश्चेव्हच्या विरोधात गेले, तेव्हा मध्यवर्ती समितीच्या सदस्यांना लष्करी विमानांनी मॉस्कोत आणले गेले आणि तो तरला. ऑक्टोबर १९६४ मध्ये मात्र काळ्या समुद्राकाठच्या सुटीवरून त्याला बोलावून घेतले आणि त्याच समितीने पदावरून दूर केले. दोन्ही वेळा मतदाराचा संबंध नव्हता, संसदेचाही नव्हता.

हाच साचा पुढे पूर्व युरोप, चीन, व्हिएतनाम, क्युबा, लाओस इथे गेला. तपशील बदलले. पूर्व जर्मनीत संसदेत आणखी पक्ष होते आणि चीनमध्ये आजही आठ लहान पक्ष आहेत, पण सत्तेसाठी लढायची मुभा कोणालाच नाही. चीनमधला मोठा फरक लष्कराचा. तिथले सैन्य क्रांतीच्या आधीपासून पक्षाचे आहे. जून १९८९ मध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन मोडायला बीजिंगमध्ये सैन्य उतरले तेव्हा डेंग शियाओपिंग राष्ट्राध्यक्ष नव्हता, पंतप्रधान नव्हता, पक्षाचा सरचिटणीसही नव्हता. सैन्यावर हुकूम चालवणाऱ्या मध्यवर्ती लष्करी आयोगाचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते, आणि तेवढे पुरले. सैन्य वापरायला विरोध करणारा सरचिटणीस झाओ झियांग पदावरून गेला. याच झाओने १९८७ च्या अधिवेशनात पक्ष आणि सरकार वेगळे करण्याची योजना मांडली होती. त्यानुसार मंत्रालयांतले पक्षगट, म्हणजे तिथल्या कारभारावर पकड ठेवणारी पक्षाची मंडळे, टप्प्याटप्प्याने बंद व्हायचे होते. १९८९ नंतर ते पुन्हा उभे राहिले.

सोव्हिएत संघात उलटे घडले. १९७७ च्या संविधानातल्या सहाव्या कलमाने पक्षाला समाजाची ‘नेतृत्व करणारी आणि दिशा देणारी शक्ती’ ठरवले होते. मार्च १९९० मध्ये ते कलम बदलून पक्षाची मक्तेदारी संपवली गेली. प्रजासत्ताकांना बांधून ठेवणारी खरी दोरी पक्षच होती. ती सैल झाल्यावर पावणेदोन वर्षांत, डिसेंबर १९९१ मध्ये, संघ उरला नाही. चिनी नेतृत्वाने ही घटना फार बारकाईने अभ्यासली.

मार्च २०१८ मध्ये चीनच्या नॅशनल पीपल्स काँग्रेसने, म्हणजे संसदेने, संविधान दुरुस्त केले. बाजूने २,९५८ मते, विरोधात दोन. पक्षाचे नेतृत्व आता पहिल्याच कलमात आले आणि राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा गेली. जगभर बातमी झाली ती या मर्यादेची. त्याच महिन्यात सनदी सेवकांचा कारभार पाहणारे सरकारी खाते पक्षाच्या संघटन विभागात, म्हणजे नेमणुका पाहणाऱ्या विभागात, विलीन झाले, त्याची चर्चा त्यामानाने फारच कमी झाली. आणि मर्यादा होती ती फक्त राष्ट्राध्यक्षपदाला. सरचिटणीस आणि लष्करी आयोगाचे अध्यक्ष या दोन पदांना कार्यकाळांची अशी मर्यादा कधीच नव्हती. शी जिनपिंग यांना सरचिटणीसपदाचा तिसरा कार्यकाळ ऑक्टोबर २०२२ मध्ये पक्षाने दिला. राष्ट्राध्यक्षपदासाठीचे मतदान पाच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये झाले : बाजूने २,९५२, विरोधात एकही नाही.